धंदा कायदेशीर, पण विमा कोण देणार?

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. घाणेरडं काही नाहीये हां, आज आपण विम्याबद्दल बोलणार आहोत आणि विम्याइतका सोज्वळ विषय दुसरा नसेल. पण ज्यांच्या विम्याबद्दल बोलायचंय, त्यांचं नाव निघालं की आपल्याकडे घरात लगेच कुणीतरी विषय बदलतं. अमेरिकेत स्वतःचा अडल्ट कंटेंट स्वतः शूट करून, सबस्क्रिप्शनवर स्वतः विकणारी माणसं. ना स्टुडिओ, ना कंपनी. एक खोली, एक कॅमेरा, दोन लाइट आणि एक लॅपटॉप.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करते. भारतात असा मजकूर ऑनलाइन टाकणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६७ अ. पहिल्यांदा दोषी ठरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ नुसार बेकायदा उद्देशासाठी केलेला करार रद्दबातल असतो. म्हणजे इथे अशा धंद्याच्या विम्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे हा भाग ‘कसं सुरू करावं’ छापाचा अजिबात नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे. फक्त त्या गोष्टीतला एक छोटा तुकडा पुण्यात बसून मी लिहिलाय, कोडमध्ये.

झालं असं. मी ज्या प्रोजेक्टवर होते, त्याचा क्लायंट अमेरिकेत छोट्या व्यावसायिकांना ऑनलाइन विमा विकायचा. तुम्ही फॉर्म भरायचा, मागे रूल इंजिन चालतं आणि दोन मिनिटांत तुम्हाला किंमत दिसते किंवा नकार मिळतो. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न : तुमचा धंदा काय? अमेरिकेत धंद्यांना सरकारी वर्गीकरणाचे सहा आकडी कोड असतात. ७११५१० म्हणजे स्वतंत्र कलाकार, लेखक आणि सादरकर्ते. आता गंमत बघा, घरी बसून कादंबरी लिहिणारे आजोबा आणि घरी बसून अडल्ट व्हिडिओ करणारी मुलगी, दोघंही या एकाच कोडमध्ये येऊ शकतात.

क्लायंटला आजोबा हवे होते, ती मुलगी नको होती. म्हणून माझ्याकडे तिकीट आलं. ‘धंद्याचं वर्णन’ या रकान्यात अमुक शब्द सापडले की अर्ज नाकारायचा. शब्दांची यादी सोबत जोडलेली. मी अर्ध्या दिवसात काम संपवलं, टेस्ट लिहिल्या, सगळं हिरवं. संध्याकाळी चहा प्यायला गेले. मनात काही म्हणजे काही आलं नाही.

काही आठवड्यांनी बग आला. एका माणसाचा अर्ज नाकारला गेला होता. तो मोठ्या माणसांना पोहायला शिकवायचा. वर्णनात त्याने प्रामाणिकपणे ‘अडल्ट’ लिहिलं होतं, ‘अडल्ट स्विमिंग’. यादीत तो शब्द होता, माझ्या रूलने त्याला उडवलं. ऑफिसात सगळे हसले, मीही हसले. मग असे आणखी किती जण उडालेत ते बघायला लॉग उघडले.

लॉगमध्ये नाव-पत्ता झाकलेला असतो. दिसतं फक्त वर्णन, वेळ आणि सेशनचा नंबर. एका सेशनमध्ये वर्णन होतं : मी माझे अडल्ट फोटो आणि व्हिडिओ सबस्क्रिप्शन साइटवर विकते. सरळ, स्वच्छ वाक्य. नकार. सहा मिनिटांनी त्याच सेशनमध्ये दुसरा अर्ज. वर्णन : फोटोग्राफी. मंजूर. पैसे भरले, पॉलिसी निघाली.

आणि अशी ती एकटी नव्हती.

माझा पहिला विचार, खरं सांगते, ‘अरे, रूलला बगल दिली’ एवढाच होता. टेस्टरसारखा. तिला विमा हवाच कशाला, हा प्रश्न मला नंतर पडला. मग मी वाचत बसले. जे कळलं ते सांगते, कारण हे कुठल्याही एकट्याने धंदा करणाऱ्याला लागू पडतं.

पहिलं, घराचा विमा. आपल्याला वाटतं घराचा विमा आहे म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तूंचा आहे. तसं नसतं. अमेरिकेतल्या प्रमाणित घर-पॉलिसीत धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूंना वेगळी, छोटी मर्यादा असते, घरातल्या वस्तूंसाठी साधारण २,५०० डॉलर. एक बरा कॅमेरा आणि एक लेन्स घेतली की ती मर्यादा संपली. आणि तुमच्या कामासाठी घरी आलेला माणूस ट्रायपॉडला अडखळून पडला, तर ‘हा धंदा आहे’ म्हणून घर-पॉलिसी हात वर करते.

दुसरं, जनरल लायबिलिटी. तुमच्या धंद्यामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याचा खर्च. तिथे शूटसाठी जागा भाड्याने घ्यायची, तर मालक बहुतेक वेळा आधी विम्याचं सर्टिफिकेट मागतो. नेहमीचा आकडा म्हणजे एका घटनेला दहा लाख डॉलर आणि वर्षाला एकूण वीस लाख. कागद नसेल तर जागा नाही. तिने सहा मिनिटांत दुसरा अर्ज का केला असेल, त्याचं एक साधं उत्तर हे असू शकतं. उद्या सकाळी कुणाला तरी कागद दाखवायचा असेल.

तिसरं, मीडिया लायबिलिटी. जनरल लायबिलिटीत बदनामी, प्रायव्हसी, जाहिरातीतला कॉपीराइट असल्या दाव्यांसाठी एक भाग असतो. पण प्रमाणित पॉलिसीत लगेच खाली अपवाद असतो : तुमचा धंदाच प्रकाशन किंवा प्रसारणाचा असेल, तर हा भाग तुम्हाला नाही. म्हणजे व्हिडिओमागे वाजणाऱ्या गाण्यावरून कुणी कोर्टात गेलं, तर वेगळी पॉलिसी हवी. हे अडल्टवाल्यांनाच नाही, रेसिपीचे व्हिडिओ टाकणाऱ्यालाही लागू होतं.

चौथं, सायबर. इथे मी थांबले. अमेरिकेत १९८८ पासून एक कायदा आहे, त्यातल्या कलमाचा नंबर २२५७. असा कंटेंट बनवणाऱ्याने त्यात दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचं ओळखपत्र तपासायचं, वय पडताळायचं आणि त्याच्या नोंदी सांभाळून ठेवायच्या. कायदा योग्यच आहे, अल्पवयीन मुलांना वाचवायला केलेला. पण आता विचार करा. टोपणनावाने काम करणाऱ्या माणसांची खरी नावं, जन्मतारखा आणि ओळखपत्रांच्या कॉपी एका मुलीच्या घरातल्या लॅपटॉपवर आहेत. तो लॅपटॉप चोरीला गेला तर? प्रश्न लॅपटॉपच्या किमतीचा राहतच नाही. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी दुसऱ्या नोकरीत, कुणाच्या तरी मुलाच्या शाळेत ते नाव पोचू शकतं. कायदा तिला ही फाइल ठेवायला लावतो आणि त्या फाइलच्या जोखमीचा विमा मागितला की फॉर्म म्हणतो, क्षमस्व.

आणि पाचवं, ज्याचा विमा जवळपास मिळतच नाही : प्लॅटफॉर्म. २०१६ साली लंडनमध्ये सुरू झालेली ओन्लीफॅन्स ही साइट क्रिएटरच्या कमाईतले वीस टक्के घेते, ऐंशी त्याला देते. १९ ऑगस्ट २०२१ ला तिने जाहीर केलं की १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक कंटेंट बंद. कंपनीच्या प्रमुखाने कारण सांगितलं बँकांचं. आरडाओरडा झाला आणि २५ ऑगस्टला निर्णय मागे घेतला. ते सहा दिवस डोळ्यासमोर आणा. घरभाडं त्यावर, आजारपण त्यावर. धंदा बंद पडल्याची भरपाई देणारा विमा असतो, पण तो साधारणपणे आगीसारख्या प्रत्यक्ष नुकसानीनंतर चालतो. ‘बँकेला आम्ही आवडत नाही’ हे त्यात बसत नाही.

आता कंपन्या नाही का म्हणतात? मला आधी वाटलं, संस्कार. तेवढंच नाहीये. विम्याची किंमत जुन्या दाव्यांच्या आकड्यांवर ठरते आणि अशा एकेकट्या क्रिएटर्सचे पुरेसे आकडे कंपन्यांकडे नाहीत. संमती आणि वयावरून उभा राहणारा एखादा दावा प्रचंड मोठा होऊ शकतो. शिवाय विमा कंपन्या स्वतःसुद्धा पुनर्विमा घेतात, त्यांच्या करारात काही धंदे वगळलेले असू शकतात. हे सगळं मान्य. पण माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं. ‘ओळखपत्रं कशी ठेवता?’ हा प्रश्न नव्हता. ‘एकटी काम करता की सोबत कुणी असतं?’ नव्हता. फक्त शब्द होते. जोखीम मोजायचे कष्ट नकोत म्हणून शब्द मोजले.

आणि त्याचा परिणाम काय? खरं बोलली तेव्हा दार बंद. खोटं बोलली तेव्हा पॉलिसी. पण ती पॉलिसी म्हणजे नुसता कागद. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपवली असेल तर दाव्याच्या वेळी कंपनी पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द ठरवू शकते. हप्ता परत आणि जखमी माणसाच्या हॉस्पिटलचं बिल, वकिलाची फी तिच्या गळ्यात. दाव्याची चौकशी करणाऱ्याला तिचं पेज शोधायला पाच मिनिटं पुरतील. म्हणजे ती दरमहा पैसे भरत राहणार आणि ज्या दिवशी गरज पडेल, नेमका त्याच दिवशी विमा नसणार. माझ्या रूलने जोखीम अडवलीच नव्हती. प्रामाणिक माणसं अडवली आणि बाकीच्यांना खोटं कसं बोलायचं ते शिकवलं.

मी आमच्या टीम लीडकडे गेले. ते म्हणाले, “सांगितलंस तर तिची पॉलिसी आत्ता जाईल. नाही सांगितलंस तर क्लेमच्या वेळी जाईल. बघ काय ते.” रात्री झोप लागली नाही वगैरे म्हणणार नाही, लागली. पण दुसऱ्या दिवशी मी लिहून कळवलं. कुणा एकीचा सेशन नंबर दिला नाही, पॅटर्न दिला : नकारानंतर त्याच सेशनमध्ये वर्णन बदलून पॉलिसी निघतेय. आणि सोबत दोन सूचना. एक, असा दुसरा अर्ज मशीनने पास करू नये, माणसाने बघावा. दोन, नकाराच्या पानावर कारण लिहावं आणि सांगावं की असे धंदे दुसऱ्या बाजारात विमा घेऊ शकतात.

हा दुसरा बाजार म्हणजे सरप्लस लाइन्स. नेहमीच्या कंपन्या ज्याला हात लावत नाहीत, ते तिथे परवानाधारक ब्रोकरमार्फत विकलं जातं. लंडनचं लॉइड्स या बाजारातलं मोठं नाव. महाग पडतं, वर वेगळा कर, आणि कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी मदतीला येत नाही. पण तिथे तुम्ही खरं सांगून विमा मागता. महाग खरा विमा की स्वस्त खोटा, हा निर्णय निदान तिच्या हातात राहतो.

पहिली सूचना पुढच्याच रिलीजमध्ये आली. कंपनीचा फायदा होता ना. दुसरी त्यांच्या कायदा विभागात फिरत राहिली आणि पाच महिन्यांनी नकाराच्या पानावर एक वाक्य वाढलं : अशा व्यवसायांसाठी सरप्लस लाइन्स ब्रोकरशी संपर्क साधा. एक वाक्य. ते मीच डिप्लॉय केलं. आणि ‘अडल्ट’ शब्द एकटा असेल तर नाकारायचं नाही, हेही दुरुस्त केलं. पोहायला शिकवणाऱ्यांना आता विमा मिळतो.

एक तुलना सांगते, मला ती फार महत्त्वाची वाटते. त्याच देशात वैयक्तिक आरोग्य विम्यात कंपनी तुमच्या धंद्यावरून नकार देऊ शकत नाही. २०१४ पासून हप्ता ठरवताना वय, राहण्याचं ठिकाण, तंबाखू आणि कुटुंबातली माणसं एवढंच बघता येतं. म्हणजे तिथला रूल इंजिनवाला इंजिनिअर ‘धंदा काय’ हा प्रश्न किमतीत घालूच शकत नाही. कुठला प्रश्न विचारायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कधी संसद ठरवते, कधी क्लायंटची एक्सेल फाइल. आणि कधी आपण, न वाचता.

आता आपल्यापुरतं. तुमच्यातले बरेच जण फ्रीलान्स करता. लग्नाचे फोटो, रील्स, एडिटिंग. तीन गोष्टी करा. घराच्या पॉलिसीत कॅमेरा धंद्याचा म्हणून चालतो का, ते लेखी विचारा. प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका, स्वतः भरा, निदान सही करण्याआधी पूर्ण वाचा. “हे लिहू नका, उगाच अडकेल,” असं एजंट म्हणाला तर समजा, अडकणार तुम्ही आहात, तो नाही. आणि आपल्याकडचे नियम माहिती असू द्या : आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कंपनी कुठल्याही कारणाने उकरू शकत नाही, विमा कायद्याचं कलम ४५. आरोग्य विम्यात सलग साठ महिने झाल्यावर माहिती दडवल्याचं कारण देता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या मुदतीच्या भरवशावर खोटं लिहू नका. आजारपण मुदत बघून येत नाही.

आई मला अजून विचारते, “तू नक्की काय काम करतेस गं?” मी सांगते, विम्याचं सॉफ्टवेअर. ती म्हणते, “चांगलंय, लोकांच्या उपयोगाचं आहे.” आता ते ऐकलं की मी पुढचं तिकीट जरा सावकाश वाचते.

तुम्ही असा एखादा रूल लिहिला असेल, किंवा अशा रूलने तुम्हाला अडवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या भागात.