वीज, विश्वास आणि शेजार
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात आखाडा बाळापूर येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च आणि संघटन यांविषयी थोर वक्ते बोलत आले आहेत. यंदा कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी विषय निवडला तो विजेच्या काटकसरीचा. हे ऐकून एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "गुरुजी, हा विषय सरकारचा. आपल्या मेळाव्यात त्याचे काय काम?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचाच आज माझा प्रयत्न आहे.

माझ्या बालपणी आमच्या घरी कंदील होता. सायंकाळी त्याची काच राखेने पुसणे आणि वात कातरणे, ही कामे माझ्याकडे असत. काच काजळलेली राहिली की वडील म्हणत, "तेल तेवढेच जळणार, पण उजेड घरात पडायचा की काचेतच राहायचा, हे तू ठरवायचे." पुस्तकात ज्याला ऊर्जेची कार्यक्षमता म्हणतात, तिची याहून सोपी व्याख्या मला पुढे चाळीस वर्षांच्या नोकरीतही सापडली नाही. परंतु कंदिलाची काच माझ्या हातात होती. विजेची काच अनेकांच्या हातांत असते. ती कोणी पुसायची, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या बंधूंचे शेत कयाधूच्या बाजूला आहे. त्या काळी शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री येई. आणि ठरलेल्या वेळी येईलच, याची शाश्वती नसे. म्हणून इतरांप्रमाणे त्यांनीही पंपाला ऑटो स्विच बसविला. एके रात्री ते बारा वाजेपर्यंत वाट पाहून घरी परतले. तीन वाजता वीज आली, पंप आपोआप सुरू झाला, सरीचा बांध फुटला आणि पाणी खालच्या शेतातील हळदीत साचून राहिले. हळदीला पाणी लागते, पण साचलेले पाणी सोसत नाही. कंदकूज होऊन शेजाऱ्याचे वर्षाचे पीक गेले. तो शेजारी आपलाच ज्ञातिबंधू. पुढे चार वर्षे त्या दोन घरांत हळदीकुंकवाचेही जाणे-येणे उरले नाही. नावे सांगत नाही. दोन्ही घरची मंडळी आज याच मंडपात बसली आहेत.

त्या रात्री वीज वाया गेली, पाणी वाया गेले, पीक गेले आणि शेजारही गेला. दोष कोणाचा? बंधूंचा निष्काळजीपणा होताच, तो मी झाकणार नाही. पण तो स्विच त्यांनी आळसापोटी बसविला नव्हता. वेळापत्रकावर विश्वास नव्हता म्हणून बसविला होता. असा अविश्वास एका शेतकऱ्यापुरता राहत नाही. एका रोहित्रावरील, म्हणजे आपल्या बोलीतील डीपीवरील, सगळे पंप ऑटोवर असले की वीज येताच ते एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब घसरतो. दाब घसरला की भार ओढणारी मोटार अधिक प्रवाह घेते. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर नुकसान चौपट. मग मोटार जळते, डीपी जळते, आणि गावच्या गाव अंधारात बसते.

आता शेजाऱ्यांकडे पाहू. गुजरातने २००३ मध्ये ज्योतिग्राम योजना हाती घेतली आणि २००६ पर्यंत ती राज्यभर नेली. गावठाणाची वाहिनी वेगळी केली, शेतीची वेगळी. गावाला चोवीस तास, आणि शेतीला ठरलेल्या वेळी, पूर्ण दाबाने आठ तास वीज. तास मर्यादितच होते, पण ते आधी ठाऊक होते. या योजनेत उणेही होते. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी विकत घेऊन कसणाऱ्या लहान व भूमिहीन शेतकऱ्यांना विकतचे पाणी पूर्वीइतके मिळेनासे झाले. पण वाहिन्या वेगळ्या करण्याची कल्पना शेजारी पोहोचली. आपल्या महाराष्ट्रातही तसे काम झाले, आणि २०१४ मध्ये मंजूर झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेने केंद्रानेही ती स्वीकारली.

दुसरा शेजारी तेलंगणा. नांदेडवरून भोकर किंवा बिलोली ओलांडली की त्याची हद्द लागते. तो आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा आणि तिकडचे निजामाबाद, आदिलाबाद हे एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. एका वाड्यातील दोन भाऊ वेगळे निघावेत, तसे आपण वेगळे झालो. जमीन तीच, विहीर तीच, शेतकऱ्याची रात्रही तीच. तेथेही पंपांना ऑटो स्टार्टर होते. तेथील सरकारने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज सुरू केली, तेव्हा शेतकऱ्यांना ते काढून टाकण्याचे आवाहन करावे लागले; कारण वीज अखंड आणि स्टार्टर आपोआप चालणारा, म्हणजे विहिरीचा तळ दिसणारच. ती वीज विनामूल्य होती. आपल्याकडेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल पाच वर्षांसाठी माफ करण्याची योजना जाहीर झाली. गरीब शेतकऱ्यास दिलासा मिळाला, हे मी आनंदाने मान्य करतो. तथापि जिला मोल नाही आणि मीटरही नाही, ती वीज कोठे गेली हे कोणास सांगता येणार? मग चोरी आणि गळती दोन्ही शेतकऱ्याच्या नावावर बिनबोभाट खपून जातात.

तिसरा शेजारी देशाबाहेरचा, नेपाळ. हिमालयातील नद्यांचा धनी असूनही त्या देशात कोरड्या ऋतूत दिवसाला सोळा तास आणि त्याहूनही अधिक काळ वीज नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये कुलमान घिसिंग यांच्याकडे तेथील विद्युत प्राधिकरणाची सूत्रे आली, आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास काठमांडूतील घरांचे भारनियमन थांबले. त्या दोन महिन्यांत काही नवे मोठे धरण उभे राहिले नव्हते. भारताकडून मिळणाऱ्या विजेचा आधार होता, हे खरे. पण काही उद्योगांना चोवीस तास वीज आणि घरांना अंधार, ही जुनी वाटणीही मोडण्यात आली. वीजगळती सुमारे २६ टक्के होती, ती पुढील चार वर्षांत १५ टक्क्यांच्या आसपास आली. याउलट श्रीलंकेत देशाच्या आर्थिक कारभाराची घडी विस्कटली, आणि मार्च २०२२ च्या अखेरीस तेथील जनतेने दिवसाला तेरा तासांची वीजकपात सोसली. तारा, यंत्रे आणि अभियंते होते तेच होते. इंधन आणण्यास पैसा उरला नव्हता.

कारभाराचे बरेवाईट हद्दीपाशी थांबत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशात गेली. तीन देशांनी एकमेकांच्या शब्दावर आणि मोजमापावर विश्वास ठेवला, तेव्हाच हे शक्य झाले. एकाचा मीटर खोटा असता, तर तिघांचा व्यवहार बुडाला असता. मी मघाशी सांगितलेल्या दोन शेतांची गोष्ट आणि या तीन देशांची गोष्ट मूलतः एकच आहे. वरच्या शेतातील अव्यवस्था खालच्या शेतात उतरते, आणि व्यवस्थाही उतरते.

बंधुभगिनींनो, राज्यकारभार म्हणजे केवळ मंत्रालय नव्हे. आपणही त्याचा एक भाग आहोत. म्हणून माझी आपणांस तीन मागणी आहेत. पहिली, आकडे टाकून वीज घेणाऱ्याचे आपल्या समाजात कौतुक होऊ नये. तो सरकारला नव्हे, डीपीवरील शेजाऱ्यालाच लुबाडतो. दुसरी, प्रत्येक पंपाला कपॅसिटर असावा, नवी मोटार घेताना तारांकन पाहावे, आणि वीज ठरल्या वेळी येत असेल तेथे ऑटो स्विच काढून ठेवावा. तिसरी, आपला हक्क लेखी मागावा. २००३ च्या वीज कायद्याने सेवेची मानके ठरविण्याची, ती न पाळल्यास भरपाई देण्याची आणि ग्राहकांसाठी गाऱ्हाणे निवारण मंचाची तरतूद केली आहे. चावडीवर बसून केलेली तक्रार वाऱ्यावर जाते. कागदावरील तक्रारीस उत्तर द्यावे लागते.

शेवटी त्या दोन घरांविषयी. समाजातील वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली, तेव्हा भरपाईचा हिशेब काही जुळेना. अखेर एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पैशाचे राहू द्या. वीज कोणत्या वेळी येणार ते लेखी कळवा, असा अर्ज तरी दोघे मिळून कराल की नाही?" त्या अर्जावर दोघांच्या सह्या एकाखाली एक पडल्या. वेळापत्रक आले, त्यास काही महिने लागले. आमच्या बंधूंनी ऑटो स्विच काढला तो त्यानंतर. मात्र त्या संक्रांतीला वहिनी खालच्या शेतकऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या, त्या वेळापत्रकाची वाट न पाहता.