स्वस्त गाडीचा महाग हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कापसाची खरेदी आणि पीककर्ज हे विषय सकाळी झाले. आता जो विषय आम्ही घेतो आहोत तो ऐकून काही जण हसतील. विषय आहे जुन्या, विलायती बनावटीच्या आलिशान गाड्यांचा. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हा विषय कुठून आला? तो आला समृद्धी महामार्गाच्या कडेने. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना या कापूस-ज्वारीच्या मुलखातून तो गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या खात्यात, पिढ्यानपिढ्यांत पहिल्यांदा, एकरकमी पैसा आला. आणि पैसा आला की त्याच्या वासावर दलाल येतोच.

शेतकऱ्याने मोठी गाडी घेऊ नये, असे म्हणायला आम्ही इथे उभे नाही. शहरातल्या बाबूने कर्ज काढून गाडी घेतली तर ती प्रगती, आणि शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीच्या पैशातून घेतली तर ती उधळपट्टी, ही भाषा आम्हाला मान्य नाही. हौस करण्याचा हक्क तुम्हालाही आहे. आमचे म्हणणे एवढेच की हौसेचाही उत्पादनखर्च काढता आला पाहिजे.

या गाड्या स्वस्त का मिळतात ते आधी पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचे नाही असा फतवा निघाला, तो काही दिवसांत थांबवावा लागला, आणि १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असे सांगितले. पण त्या गोंधळात घाबरलेल्या मालकांनी गाड्या मिळेल त्या भावाने काढल्या. २०१५ साली ८४ लाखांना घेतलेली गाडी अडीच लाखांत गेल्याची बातमी छापून आली होती. बाजारात आवक वाढली आणि विकणाऱ्याला थांबता येत नसले की भाव काय होतो, हे कापूसवाल्यांना आम्ही काय सांगावे!

म्हणजे गाडी स्वस्त मिळते हे खरे आहे. दलाल तिथे खोटे बोलत नाही. तो जे सांगत नाही ते असे, की भाव गाडीचा पडला, तिच्या सुट्या भागांचा पडला नाही. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी सहा लाखांना मिळेल, पण तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. मिस्त्रीची मजुरीही तशीच. बैल म्हातारा झाला की त्याची किंमत उतरते, पण पेंडीचा भाव काही उतरत नाही.

एक हिशेब मांडतो. वाशिमकडच्या एका भावाचा आहे, नाव घेत नाही. त्याने नऊ लाखांना गाडी घेतली. पहिल्या थंडीत एक दिवस सकाळी गाडीचा पुढचा कोपरा खाली बसलेला दिसला. या गाड्यांना आपल्या जीपसारखे लोखंडी पाटे नसतात, स्प्रिंगही नसते. चार चाकांवर रबराच्या चार हवेच्या पिशव्या असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. दहा वर्षांत रबराला चिरा पडतात. पिशवी रात्रभर हवा सोडते, कॉम्प्रेसर ती दिवसभर भरत राहतो आणि शेवटी जळतो. गळक्या पाइपलाइनवर मोटार चालू ठेवली की काय होते, तेच. पहिल्या दिवशी पिशवी बदलली असती तर कॉम्प्रेसर वाचला असता, पण गावातल्या गॅरेजात ते ओळखायला कोणी नव्हते. पुढच्या दोन पिशव्या १ लाख १० हजार. कॉम्प्रेसर ८५ हजार. तेवढ्यात गिअर झटके द्यायला लागले. 'या गिअरबॉक्सचे तेल जन्मभर बदलायचे नसते' असे आधीच्या मालकाला सांगितलेले होते. प्रत्यक्षात गिअरबॉक्स बनवणारे कारखानदारच ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणतात. जन्मभर म्हणजे कोणाचा जन्म? वॉरंटीचा! गिअरबॉक्सचे काम २ लाख ४० हजार. गाडी दोनदा ट्रकवर घालून नागपूरला न्यावी लागली, तपासणी झाली, किरकोळ सामान लागले, त्याचे ५१ हजार. एकूण ४ लाख ८६ हजार.

आता हे आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ही दुरुस्ती साठ क्विंटल कापसाची झाली. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर बारा एकरांची पूर्ण पऱ्हाटी, आणि तीही बियाणे, फवारणी, वेचणी यातले काहीच वजा न करता, शिवाय हमीभाव खरोखर हातात पडला असे धरून. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये भावाने सव्वाशे क्विंटलच्या वर. नऊ लाख ज्या जमिनीचे आले ती गेलीच होती. उरलेल्या जमिनीचे पीकही त्या गॅरेजात गेले.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपले लोक लक्षच देत नाहीत. डिझेल. आपण कॅनमध्ये, ड्रममध्ये डिझेल आणून ठेवतो, त्यात थोडे पाणी, थोडी धूळ जाते, जुना ट्रॅक्टर ते पचवतो. या इंजिनांत डिझेल सोळाशे ते दोन हजार बार दाबाने फवारले जाते. टायरात आपण भरतो ती हवा सव्वादोन बार. एवढ्या दाबाचे इंजेक्टर इतके बारीक घासून बसवलेले असतात की फवाऱ्याच्या नोझलला जी घाण कळतही नाही, तिने ते खराब होतात. अशी गाडी असलीच तर तिला ड्रमचे डिझेल दाखवू नका.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. विमा अपघाताचा असतो. झिजेचा आणि आतल्या यंत्राच्या बिघाडाचा नसतो. अपघातातही रबर आणि प्लास्टिकच्या भागांचे साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात. नाल्याच्या पाण्यात गाडी घातली, इंजिनात पाणी गेले आणि तरी किल्ली फिरवली, तर इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास कंपनी हात वर करते.

बाजारात बैल घेताना आपण काय करतो? झूल पाहून कोणी बैल घेत नाही. दात बघतो, चालवून बघतो, चाक बांधलेल्या गाडीला जुंपून बघतो. मग गाडी मात्र धुऊन-पुसून उभी केलेली, इंजिन गरम करून ठेवलेली का घेता? संध्याकाळी जाऊन चारही चाकांवरची उंची मोजा, गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगा, सकाळी पुन्हा मोजा. इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला लावा. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जुनी नोंद काढा. काट्यावरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, नोंदवहीतले फिरत नाहीत. आणि पैसे देण्याआधी त्याच सेंटरात, विकणाऱ्याला सोबत घेऊन, स्कॅनर लावून तपासणी करा. त्याचे काही हजार लागतील. विकणारा नाही म्हणाला तर ते हजारही वाचले.

कागदांकडे वळू. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि इथला कर ठरतो तो गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून, तुम्ही दलालाला दिलेल्या रकमेवरून नव्हे. सौदा करताना ही रक्कम कोणी बोलत नाही. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असेल तर तशी नोंद आरसीवर झाली आहे का ते पाहा. ती नसेल तर गाडी अजून बँकेकडे तारण आहे.

ज्यांनी गाडी आधीच घेतली आहे त्यांच्याशी दोन शब्द. 'एवढे घातले, आता आणखी लाखभर घालून उभी करू' असे मिस्त्री सांगेल. घातलेला पैसा हिशेबातून काढून टाका. तो परत येत नाही. आज आहे तशी विकली तर किती येतात आणि दुरुस्त करून विकली तर किती येतात, या दोन आकड्यांतला फरक दुरुस्तीच्या बिलापेक्षा कमी असेल तर आहे तशी विका. मात्र विकताना नुसत्या स्टँपपेपरवर सह्या करून किल्ली देऊ नका. गाडी तुमच्या नावावर राहिली आणि तिच्याखाली कोणी सापडले तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडून वसूल होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसाच निकाल दिला आहे. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरा, आरटीओत दाखल करा, पावती घ्या.

जेवणानंतर मंडपाच्या मागच्या बाजूला आपले कार्यकर्ते बसणार आहेत. ज्यांच्याकडे अशा गाडीचे आरसी बुक, दुरुस्तीची बिले किंवा दलालाची चिठ्ठी असेल त्यांनी घेऊन यावे. एकेकाचा हिशेब बसून काढू.