‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे
(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजी शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकाच्या फळ्यावर जे शब्द अगदी आरंभी येतात, त्यांत ‘रन’ हा एक होय. अक्षरे तीन, उच्चार सोपा आणि अर्थ कृतीने करून दाखविता येण्याजोगा. शिक्षकाने ‘रन’ म्हणावे आणि मुलांनी पटांगणात धावत सुटावे, इतका तो सरळ. एवढे झाले की शब्द शिकवून झाला असे समजून शिक्षक पुढच्या शब्दाकडे वळतो. पुढे क्रियापदांची तीन रूपे पाठ करण्याची वेळ येते, तेव्हाही ‘रन, रॅन, रन’ या ओळीसमोर ‘पळणे’ हा एकच अर्थ लिहिला जातो आणि मूल तोच घोकते.

अडचण तेथून सुरू होते. समजा, सहावीतल्या एखाद्या मुलापुढे ‘हिज नोज इज रनिंग’ असे वाक्य आले आणि त्याने वहीत लिहिले, ‘त्याचे नाक पळत आहे.’ वर्ग हसतो. कित्येकदा शिक्षकालाही हसू आवरत नाही. वस्तुतः त्या मुलाच्या विचारात काहीही चूक नाही. त्याला जो अर्थ देण्यात आला, तो त्याने प्रामाणिकपणे वापरला. उणीव असलीच तर ती त्याला दिलेल्या शिदोरीत आहे. परंतु त्या हसण्याचा परिणाम मात्र त्याच मुलावर होतो. पुढच्या वेळी ते हात वर करीत नाही. इंग्रजी ही तर्काने समजणारी भाषा नव्हे, ती पाठच करावी लागते, अशी त्याची समजूत होते आणि ही समजूत एकदा बसली की काढणे फार कठीण जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचा प्रवेश झाला. तत्पूर्वी मराठी शाळांतील मूल पाचवीत या भाषेला प्रथम भेटत असे, आणि तोपर्यंत त्याची मातृभाषा बरीचशी पक्की झालेली असे. आता सहा वर्षांच्या बालकाच्या कानावर हे शब्द पडतात. म्हणून पहिल्या भेटीतच शब्दाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. त्याचा विचार करण्यास ‘रन’ या शब्दाइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

इंग्रजी भाषेचा जो थोरला ऑक्सफर्ड शब्दकोश, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि संपूर्ण कोश पुरा होण्यास १९२८ साल उजाडले. त्या कोशात अनेक वर्षे सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तो मान त्याच शब्दाकडे राहिला. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्यावर मात्र ‘रन’ने त्यास मागे टाकले. केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ कोशकारांनी वेगळे करून मांडले. जो शब्द पहिलीच्या मुलास एका मिनिटात शिकविला जातो, त्याची ही व्याप्ती आहे.

आकडा ऐकून शिक्षकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. हे शेकडो अर्थ म्हणजे शेकडो निराळे शब्द नव्हेत. त्यांचे मूळ पाहिले म्हणजे बराचसा उलगडा होतो. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या भगिनीभाषांत या शब्दाच्या पूर्वरूपाचा अर्थ ‘धावणे’ असा होता, तसाच ‘वाहणे’ असाही होता. जर्मन भाषेत आजही ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणे अशी दोन सख्खी क्रियापदे नांदत आहेत. तेव्हा नदी, नळ, अश्रू, घाम आणि नाक यांच्या बाबतीत इंग्रज माणूस ‘रन’ म्हणतो, ती त्याची लहर नव्हे. तो अर्थ जुन्या काळापासून त्या शब्दात आहे.

धावणारा माणूस आणि वाहणारे पाणी यांत समान काय, असा प्रश्न वर्गात टाकला तर मुले स्वतःच उत्तर देतील. दोहोंत न थांबता पुढे जाणारी गती आहे. हा धागा हाती आला की पुढचे अर्थ एकामागून एक उलगडत जातात. यंत्राची चाके न थांबता फिरतात, म्हणून यंत्र ‘रन’ होते. आगगाडी आणि बस ठरल्या मार्गावर जातात-येतात, म्हणून त्याही ‘रन’ होतात. यंत्राप्रमाणेच दुकान, शाळा, वसतिगृह यांचा कारभार चालू ठेवावा लागतो, म्हणून माणूस दुकान ‘रन’ करतो. रस्ता जागचा हलत नाही, तरी पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरून पुढे जाते, म्हणून रस्ता खेड्यातून ‘रन’ होतो. नाटकाचे प्रयोग न थांबता होत राहिले, तर ते नाटक शंभर रात्री ‘रन’ झाले असे म्हणतात. सलग तीन दिवस पाऊस पडला, तर ‘थ्री डेज रनिंग’ असा प्रयोग होतो. आणि संगणक आल्यापासून त्यातील आज्ञावलीही ‘रन’ होऊ लागली आहे. नव्या वस्तूसाठी नवा शब्द न घडविता जुन्याच शब्दाकडून काम करून घेण्याची ही रीत आहे.

येथे मराठी शिक्षकाच्या हाती एक मोठे साधन आहे, ते म्हणजे मराठी भाषा. इंग्रजीने जे काम ‘धावणे’ या अर्थाच्या शब्दावर सोपविले, त्यातील बरेचसे मराठीने ‘चालणे’ या शब्दावर सोपविले आहे. इंग्रजीत दुकान धावते, मराठीत ते चालते. यंत्र चालते, शाळा चालते, खटला चालतो, श्वास चालतो. बाजारात नाणे चालते, मजुरीवर पोट चालते, आणि उन्हात हिंडून आलेल्या माणसाचे डोके चालत नाही. यांपैकी कोणालाही पाय नाहीत. तरी मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलास यात काही विचित्र वाटत नाही. ‘नाक पळते’ म्हणून हसणाऱ्या वर्गास विचारावे, मराठीत तरी नाक कोठे वाहते? वाहतो तो शेंबूड. तरीही प्रत्येक जण ‘नाक वाहते’ असेच म्हणतो.

‘लागणे’ हे क्रियापद तर याहूनही कसलेले आहे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कोशातही या क्रियापदाची नोंद चांगली ऐसपैस आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते. निकाल लागतो, डोळा लागतो, झाडाला आंबे लागतात, वाटेत गाव लागते, घाटात एखाद्याला गाडी लागते. मूल चालू लागते आणि त्यास शाळेत जावे लागते. इतक्या ठिकाणी इतक्या तऱ्हांनी वापरला जाणारा हा शब्द कोणत्याही शाळेत कोणी अर्थासह पाठ करवून घेतलेला नाही. मुलाने तो ऐकला, वापरला आणि आपलासा केला. एका शब्दाचे अनेक उपयोग ओळखण्याची शक्ती खेड्यातील प्रत्येक मुलात आहे. शिक्षकास ती नव्याने निर्माण करावयाची नाही. ती तुझ्याजवळ आहे, एवढेच त्यास दाखवून द्यावयाचे आहे.

मराठी मुलास ‘रन’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेरही ठिकठिकाणी भेटतो, याकडेही दुर्लक्ष होऊ नये. क्रिकेटमधील ‘रन’ आणि वृत्तपत्रांतील ‘धाव’ त्याला ठाऊक आहे. ‘धावते समालोचन’ हा इंग्रजीवरून घडविलेला प्रयोग आता मराठीच होऊन गेला आहे. गवंडी आणि सुतार ‘रनिंग फूट’ या मापाने कामाचा हिशेब करतात. त्यात कोणी धावत नाही, मोजली जाते ती सरळ लांबी. मोठ्या रेल्वेस्थानकांवर ‘रनिंग रूम’ असते. तेथे गाडी चालविणारे कर्मचारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात झोप घेतात. जानेवारी २०२१ मध्ये करोना लसीकरण सुरू होण्यापूर्वी ‘ड्राय रन’ घेण्यात आली. ती कोरडीही नव्हती आणि धावही नव्हती, ती होती रंगीत तालीम. असे शब्द गावातून गोळा करून आणण्यास मुलांना सांगितले, तर त्यांची यादी शिक्षकाच्या अपेक्षेहून मोठी निघेल.

या शब्दाचा एक भाग मात्र खरोखर जपून शिकविण्याजोगा आहे. ‘आऊट’, ‘ओव्हर’, ‘इन्टू’, ‘डाऊन’ असे लहानसे सोबती मागे आले की ‘रन’चा अर्थ पालटतो. क्रिकेटमध्ये ‘रन आऊट’ म्हणजे धावबाद. परंतु घरातील साखर ‘रन आऊट’ झाली, म्हणजे ती संपली. बाजारात जुन्या मित्राशी ‘रन इन्टू’ झाले, म्हणजे त्याची अवचित गाठ पडली. एखादा प्राणी मोटारीखाली ‘रन ओव्हर’ झाला, म्हणजे तो चिरडला गेला. येथे ‘रन’चा अर्थ आणि सोबत्याचा अर्थ यांची बेरीज करून भागत नाही. ती जोडी एकच शब्द समजून घ्यावी लागते. मराठीतही ‘हात’ आणि ‘देणे’ या दोहोंचे अर्थ ठाऊक असून ‘हात देणे’ म्हणजे साहाय्य करणे, हे निराळे शिकावे लागतेच.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा उद्या एखाद्या कारखान्यात कामास लागेल. तेथे यंत्रावर पाटी असेल की, ‘रनिंग’ असताना यंत्र साफ करू नये. ‘रन’ म्हणजे पळणे एवढेच ज्याने घोकले आहे, त्याच्यासमोर ते यंत्र तर जागच्या जागी उभे आहे. त्या पाटीचा अर्थ त्यास लागलाच पाहिजे, कारण तेथे चुकीची किंमत लाल शाईच्या खुणेने चुकती होत नाही. एखाद्या मुलीने मोठेपणी आजारी बाळाला दवाखान्यात नेले आणि कागदावर ‘रनिंग टेम्परेचर’ असे लिहिलेले पाहिले, तर बाळाला ताप आहे एवढे तिला कळावे. शब्दाचा अर्थ कळणे म्हणजे असे वेळेवर उपयोगी पडणे होय.

मग शिक्षकाने नेमके करावे तरी काय? पहिली गोष्ट, शब्द एकटा फळ्यावर लिहू नये, तो वाक्यासह लिहावा. दुसरी, अर्थ सांगण्यापूर्वी ‘कोण किंवा काय रन होते आहे?’ असे विचारावे. कर्ता मुलगा असेल तर एक अर्थ, नदी असेल तर दुसरा, यंत्र असेल तर तिसरा, हे मुले स्वतः ताडतील. तिसरी, शब्दवहीत ‘रन म्हणजे पळणे’ अशी ओळ न घालता तीन रकाने आखावेत. पहिल्यात वाक्य, दुसऱ्यात शब्दाचा सोबती आणि तिसऱ्यात त्या ठिकाणी शोभणारा मराठी शब्द. चौथी, घाई करू नये. चौथीपर्यंत धावणे, वाहणे आणि चालणे हे तीन अर्थ पक्के झाले तरी पुष्कळ झाले. ‘आऊट’, ‘ओव्हर’ वगैरे सोबती पुढच्या इयत्तांत, पाठात येतील तसतसे घ्यावेत. ६४५ अर्थांची यादी वर्गात लावणे ही एक अर्थ घोकविण्याइतकीच मोठी चूक ठरेल.

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात आणि वेळ अपुरा असतो, हे खरे आहे. परंतु या पद्धतीस जादा वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एका शब्दास दिली तरी पुरे. शिवाय ‘चालणे’ आणि ‘लागणे’ यांची उदाहरणे गोळा करण्याचे काम मोठ्या मुलांकडे सोपविले, तर मराठीचा अभ्यासही त्यातच साधतो. ‘रन’ची रीत समजलेले मूल पुढे ‘टेक’, ‘गेट’, ‘सेट’ अशा शब्दांशीही त्याच रीतीने ओळख करून घेईल.

असो. पुढच्या वेळी एखाद्या वहीत ‘त्याचे नाक पळत आहे’ असे वाक्य सापडले, तर त्यावर लगेच लाल रेघ ओढू नये. त्या मुलास जवळ बोलवावे आणि विचारावे, ‘बाळ, सर्दी झाली म्हणजे तुझ्या नाकाचे काय होते?’ ते म्हणेल, ‘वाहते, गुरुजी.’ मग तोच शब्द त्याच्याच हाताने त्या वाक्यात लिहवून घ्यावा.