अंकांचे ठोकळे आणि पणजीचे ब्याऐंशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



‘मुले आणि दूरचित्रवाणी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हाला केली, तेव्हा आम्ही दूरचित्रवाणीला चार शब्द सुनवावेत अशीच त्यांची अपेक्षा असावी. आमच्या वयाच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करणार? खरे सांगायचे तर आमची तयारीही तशीच झाली होती. परंतु मध्यंतरी आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला, आणि लिहून काढलेले भाषण आम्हाला फाडून टाकावे लागले. तो प्रसंग आणि त्याच्या अनुषंगाने सुचलेले काही विचार एवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रारंभीच एक कबुली देतो. आम्ही गणिताचे पंडित नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो. त्यानंतर गणिताशी आमचा संबंध आला तो प्रवासभत्त्याच्या बिलांपुरता. शाळेत पाढे पाठ केले ते छडीच्या धाकाने. सतराचा पाढा म्हणताना आजही तळहाताला किंचित झिणझिण्या येतात. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एका आजोबाचा आहे, त्याहून अधिक नाही.

आता प्रसंग सांगतो. आमच्या मातोश्री सातार्‍याहून येथे विशाखापट्टणमला काही दिवस राहावयास आल्या होत्या. आमची नात साडेचार वर्षांची. तिने पणजीला विचारले, “तू किती वर्षांची?” मातोश्री कौतुकाने म्हणाल्या, “मला बाई ब्याऐंशी झाली.” नात क्षणभर पाहत राहिली आणि आईकडे वळून म्हणाली, “ब्याऐंशी म्हणजे काय?” आमच्या कन्येने चटकन ‘एटी टू’ असे सांगितले, आणि मुलीचे समाधान झाले.

तिचे समाधान झाले, पण आमचे गेले. पणजी आणि पणती एकाच कोचावर बसल्या होत्या, दोघींत हातभर अंतर नव्हते, आणि तरीही पणजीचे वय पणतीला कळण्यासाठी मध्ये इंग्रजी दुभाष्या लागला! परमुलखात राहणार्‍या आपल्या कुटुंबांत घरची भाषा कोठून झिजू लागते, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. आमचा अनुभव असा की मुले ‘आई’ म्हणणे सोडत नाहीत, ‘वरणभात’ही सोडत नाहीत, सर्वांत आधी सुटतात ते आकडे. आमच्या कन्येच्या बाबतीत तेच झाले होते. दर तीनचार वर्षांनी बदली, दर वेळी नवी शाळा. तिचे मराठी आकडे वीसच्या पुढे कधी गेलेच नाहीत, आणि त्या वेळी आम्हाला त्याचे विशेष काही वाटले नव्हते.

साहजिकच आम्ही दोष दूरचित्रवाणीला दिला. आमची नात ‘नंबरब्लॉक्स’ नावाची एक मालिका पाहते. ‘हेच ते, इंग्रजी आकडे शिकवणारे,’ असे मनात म्हणून, पुरावा गोळा करण्याच्या हेतूने, एका संध्याकाळी आम्ही तिच्या शेजारी जाऊन बसलो. पाच मिनिटांचा एक भाग पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. पुरावा मिळाला, पण तो आमच्याच विरुद्ध निघाला.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ही ब्रिटिश मालिका बी. बी. सी.च्या ‘सीबीबीज’ या बालवाहिनीवर जानेवारी 2017 मध्ये सुरू झाली. अक्षरओळख करून देणारी ‘अल्फाब्लॉक्स’ ही मालिका ज्यांनी काढली, त्याच मंडळींची ही निर्मिती. इंग्लंडमध्ये गणिताच्या अध्यापनासाठी जे राष्ट्रीय केंद्र आहे, त्यातील तज्ज्ञांचा सल्ला तिला लाभला. आज यूट्यूबमुळे ती आपल्याकडील घराघरांत सहज पोचते.

मालिकेतील पात्रे म्हणजे प्रत्यक्ष संख्याच. ‘एक’ हा एका डोळ्याचा एकुलता एक लाल ठोकळा. ‘दोन’ म्हणजे एकावर एक रचलेले दोन नारिंगी ठोकळे, डोळ्यांवर चष्मा. ‘तीन’ हा पिवळा, सदा रंगमंचावर मिरवणारा नट. ‘चार’ हिरवा, आणि आपण चौरस आहोत याचा त्याला कोण अभिमान! ‘सात’च्या अंगावर इंद्रधनुष्याचे सात रंग. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा अंक तरंगत असतो, परंतु त्याची खरी ओळख तो अंक नसून त्याचे शरीर ही आहे. जितकी संख्या तितके ठोकळे. ‘एक’ने ‘दोन’च्या डोक्यावर उडी मारली की दोघे मिळून ‘तीन’ होतात, आणि ‘तीन’ विलग झाला की पुन्हा ‘एक’ व ‘दोन’ उभे राहतात. बेरीज आणि वजाबाकी या दोन वेगळ्या विद्या नसून एकाच दाराने आत येणे व बाहेर जाणे आहे, हे आम्हाला बी. ए. होईपर्यंत कोणी असे दाखवले नव्हते.

पुढे ‘बारा’ येतो. तो कधी सहा-सहाच्या दोन ओळींत उभा राहतो, कधी चार-चारच्या तीन ओळींत, आणि दर खेपेला नेटका आयत होतो. ‘सात’ला मात्र एकाच रांगेत उभे राहावे लागते. दोन ओळी करू गेल्यास एक ठोकळा नेहमीच उरतो. मूळ संख्या म्हणजे काय, हे न सांगता मुलाला डोळ्यांनी दिसते. सतराच्या पाढ्याने आम्हाला का छळले, हेही आम्हाला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी उमगले!

येथे कोणी म्हणेल की हे सारे विलायती कौतुक आहे. तसे नाही. संख्येला हाताडोळ्यांचा विषय करण्याची दृष्टी आपल्याला परकी नाही. मॅडम माँटेसरी 1939 मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धाच्या काळात त्यांचे वास्तव्य या देशातच होते. सुट्या मण्यांतून एकक, दहा मण्यांच्या सरीतून दशक आणि शंभर मण्यांच्या चौकोनातून शतक हे त्यांचे साधन प्रसिद्ध आहे. तीच दृष्टी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात नेली. तेथील आदिवासी मुलांसाठी महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा परिसरात मिळणारे खडे, बिया, शिंपले हीच साधने झाली. ‘नंबरब्लॉक्स’ने केले ते एवढेच की त्या मण्यांना आणि खड्यांना तोंड दिले, स्वभाव दिला, आणि त्यांना बोलते केले.

मात्र आमच्या घरी प्रश्न राहिला होता तो ‘ब्याऐंशी’चा. आम्ही मुलांच्या चौकटींच्या वहीचा कागद घेतला. दहा चौकटींची एक, अशा आठ पट्ट्या कापल्या, दोन सुट्या चौकटी कापल्या आणि नातीपुढे मांडल्या. तिने क्षणार्धात ओळखले, “एटी टू!” आम्ही म्हणालो, “हेच पणजीचे ब्याऐंशी.” ती विचारात पडली. ‘एटी टू’मध्ये ऐंशी आधी येतात, दोन नंतर. शेजारच्या मुलांकडून ती जे तेलुगू ऐकते, त्यातही ‘एनभै रेंडु’ म्हणजे ऐंशी आणि दोन असाच क्रम. मराठीत मात्र दोन आधी! शेवटी तिने स्वतःच निकाल दिला, “पणजी आधी सुटे मोजते, मग पट्ट्या.”

बंधुभगिनींनो, आमच्या मराठीच्या शिक्षकांनीही हे आम्हाला इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. संस्कृतातील ‘द्व्यशीति’पासून ‘ब्याऐंशी’पर्यंत हाच क्रम चालत आला आहे. हिंदीतील ‘बयासी’ही त्याच घराण्यातील, आणि दूरची जर्मन भाषासुद्धा दोन आधी आणि ऐंशी मागाहून म्हणते. इंग्रजीही याबाबत अगदी सोवळी नाही. तेरापासून एकोणीसपर्यंत तीही सुटे आधीच मोजते. क्रम वेगळा आहे, चुकीचा नाही. परंतु तो वेगळा आहे हे मुलाला कोणी सांगितलेच नाही, तर ते गोंधळते आणि सोपी वाट धरते.

या गोंधळावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते, ते आपणांस आठवत असेल. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात, हे त्यामागील एक कारण. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. वृत्तपत्रांत टीका झाली, थट्टा झाली, विधिमंडळातही चर्चा झाली. त्या वेळी आम्ही थट्टा करणार्‍यांत होतो हे प्रांजळपणे सांगतो. 2023 मध्ये मंगलाताई निवर्तल्या. आज वाटते की त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती. ‘त्र्याहत्तर’ हा शब्द प्रथमच ऐकणार्‍या मुलाला त्यात सात दशक कोठे दडले आहेत हे दिसत नाही. तथापि, आमच्यासारख्या परमुलखातील लोकांनी ‘त्र्याहत्तर’ सोडावे असेही आम्हाला वाटत नाही. कारण पणजी ‘सत्तर तीन’ म्हणणार नाही. आपल्याला दोन्ही टोके सांभाळायची आहेत. संख्या डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि तिचे घरचे नाव जिभेवर राहिले पाहिजे.

आमच्या आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी मुखोद्गत होती. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणे-पैचा तो व्यवहार हळूहळू संपला. त्या पाठांतराचे आम्ही रडगाणे गाणार नाही. गरज संपली, वस्तू गेली. परंतु ब्याऐंशीची गरज संपलेली नाही. घरात ब्याऐंशी वर्षांचे माणूस आहे तोवर ती संपणार नाही.

दूरचित्रवाणीच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. चार हा हिरवाच असतो, असे आमच्या नातीला कित्येक दिवस वाटत होते. चार लाल सफरचंदे पाहून ती हिरमुसली होती! शिवाय पडद्यावर ठोकळे आपोआप उड्या मारतात, मुलाला काहीच उचलावे लागत नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या मुलाने ते ओरडून सांगितले की आपण टाळ्या वाजवतो, पण ते समजून बोलते आहे की केवळ पाठ म्हणते आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पाच मिनिटे पाहून झाले की पडदा बंद करावा, आणि तीच संख्या चिंचोक्यांनी, गुंड्यांनी वा कागदी पट्ट्यांनी मुलाच्या हातून रचून घ्यावी. नऊ चिंचोके पाच आणि चार असे मांडावेत, मग सहा आणि तीन असे मांडावेत, आणि आता किती झाले ते विचारावे. मुलाने पुन्हा मोजायला सुरुवात केली, तर अजून थोडा खेळ बाकी आहे असे समजावे, रागावू नये.

मातृभाषेचे महत्त्व 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सांगितले आहे. मुलाला तिसरीअखेर वाचन आणि पायाभूत अंकज्ञान यावे, यासाठी 2021 मध्ये केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ हे अभियानही सुरू केले. परंतु या शहरातील शाळा आपल्या मुलांना मराठी आकडे शिकवणार नाहीत. तिने ते शिकवावेत अशी अपेक्षाही रास्त नव्हे. ते काम घराचे आहे, आणि घराला जमत नसेल तेथे मंडळाचे.

म्हणून मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. बालगोपाळांना रविवारी एकत्र बसवून या मालिकेचा एखादा भाग आवाज बंद करून दाखवावा, आणि पडद्यावर काय चालले आहे ते आपल्यापैकी एखाद्या आजीने वा आजोबांनी मराठीत सांगावे. खर्च शून्य. लाभ दुहेरी, कारण मुले आकडे शिकतील आणि आजी-आजोबांना श्रोते मिळतील. आमचे नाव पहिल्या रविवारासाठी लिहून घ्यावे.

मातोश्री सातार्‍यास परत गेल्या त्याच्या आदल्या दिवशी नातीने त्यांना आठ पट्ट्या आणि दोन सुट्या चौकटी एका लखोट्यात घालून दिल्या. वाढदिवसाला लावण्यासाठी एक सुटी चौकट वेगळी दिली. “त्र्याऐंशी झालीस की ही लाव,” असे बजावले. हा शब्द तिला आम्ही शिकवलेला नव्हता. दोघींनी दुपारी बसून तो आपसांत तयार केला होता. मध्ये दुभाष्या नव्हता.

गेल्या वर्षी आपले मंडळ एकोणपन्नास वर्षांचे होते, म्हणजे पन्नासाला एक उणे. यंदा ती उणीव भरून निघाली. पाच पट्ट्या पुर्‍या झाल्या. यापुढे जी सुटी चौकट आपण लावणार, तिचे मराठी नाव आपल्या नातवंडांना ठाऊक असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.