नदीचे दोन काठ
(गिंडी, चेन्नई येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ईशान्य थायलंड आणि उत्तर लाओस या प्रदेशांतून खुष्कीच्या मार्गाने झालेल्या एका सांस्कृतिक प्रवासाचा वृत्तांत मराठीत आणीत असताना एक अडचण पानोपानी जाणवत राहते. शब्दांना प्रतिशब्द मिळतात. न मिळाले तर मूळ शब्द ठेवून तळटीप देता येते. परंतु त्या प्रदेशाचे चित्र वाचकाच्या मनात उभे करण्यास तळटीप पुरी पडत नाही. परका मुलूख ओळखीचा व्हायचा असेल, तर त्याच्याशी जुळणारा आपला एखादा मुलूख वाचकाला आठवावा लागतो. असा मुलूख गिंडीहून दक्षिणेकडे निघाले की एका दिवसाच्या वाटेवर आहे. म्हणून आज मेकाँगच्या काठचे थोडे सांगून मी आपल्याला जिंजी-तंजावरच्या वाटेने नेणार आहे. हेतू मात्र एकच आहे: परमुलखातला प्रवास वाचावा कसा, याचा विचार करणे.

प्रथम मेकाँगकडे वळू. नदीच्या उजव्या काठाला थायलंडचा ईशान्य भाग आहे. त्याला तेथे ‘ईसान’ म्हणतात, आणि आपल्या ‘ईशान’ या दिशावाचक शब्दाचेच ते रूप आहे. समोरच्या काठाला लाओस. दोन्ही काठांवर मुख्यतः एकाच भाषेची रूपे बोलली जातात. किंबहुना लाओ बोली बोलणारे लोक लाओसमध्ये आहेत त्याहून थायलंडातच कितीतरी अधिक आहेत. हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १३५३ साली फा न्गुम राजाने स्थापिलेले ‘लान सांग’, म्हणजे दहा लक्ष हत्तींचे राज्य, नदीच्या दोन्ही अंगांना पसरले होते. १८२७-२८ मध्ये सयामी सैन्याने व्हिएन्टिआन नगर उद्ध्वस्त केले आणि तेथील असंख्य कुटुंबांना नदीपार नेऊन वसविले. पुढे १८९३ साली फ्रान्सने सयामकडून डावा काठ घेतला आणि कालपर्यंत गावागावांना जोडणारी नदी सरहद्द होऊन बसली. नाँग खाईजवळ तिच्यावर मैत्रीचा पूल उभा राहिला तो १९९४ साली, म्हणजे शंभर वर्षांनी.

सरहद्दी आखायच्या तर आधी भूमी मोजावी लागते, आणि भूमी मोजण्याच्या विद्येशी या गिंडीचा जुना संबंध आहे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ साली मद्रासच्या किल्ल्यात निघालेल्या मोजणीशाळेत आहे. गिंडीच्या वास्तूत ते १९२० साली आले. शेजारच्या सेंट थॉमस टेकडीजवळ १८०२ साली विल्यम लॅम्बटनने आपली पायारेषा मोजली आणि त्या रेषेपासून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचे जाळे विणले गेले. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना त्याचे सुमारे अर्ध्या टनाचे मोजणीयंत्र आदळून निकामी झाले, तेव्हा ते त्याने स्वतः खपून दुरुस्त केले. हाच लॅम्बटन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटास मरण पावला. त्याची कबर तेथे आहे. पुढे भारतीय सर्वेक्षण खात्यातून सयामी सरकारच्या सेवेत गेलेल्या जेम्स मॅकार्थीने १८८० च्या दशकात लुआंग प्राबांगकडचा डोंगराळ मुलूख मोजला. त्यापूर्वी तेथील लहान राजा एकाच वेळी दोन-तीन मोठ्या सत्तांना नजराणा धाडीत असे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. नकाशा आल्यावर प्रत्येक गाव कोणत्या तरी एकाच बाजूला असणे भाग पडले. माणसे मात्र पूर्वीसारखीच बोलत राहिली.

आता आपल्या वाटेला लागू. गिंडीहून चेंगलपट्टू आणि तिंडिवनम मागे टाकून पश्चिमेस वळले की जिंजीच्या तीन टेकड्या दिसू लागतात. मराठी माणसाला जिंजी म्हटली की दोन गोष्टी आठवतात: १६७७ साली दक्षिणदिग्विजयात शिवाजीमहाराजांनी घेतलेला दुर्ग, आणि १६८९ पासून १६९८ पर्यंत छत्रपती राजारामांनी जेथून राज्य तगविले ते ठिकाण. २०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले; त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला जिंजी आहे. आपल्याला याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण पायथ्याच्या गावातल्या वृद्धाला जिंजीचा राजा कोण म्हणून विचारावे, तर तो बहुधा ‘देसिंगु राजा’ असे सांगेल. हा देसिंगु म्हणजे बुंदेला तेजसिंग. १७१४ साली अर्काटच्या नबाबाशी लढताना तो ऐन तारुण्यात पडला, आणि त्याच्या शौर्याची व त्याच्या मुसलमान मित्राच्या निष्ठेची कथा तमिळ लोकगीतांनी घरोघर पोहोचविली. उत्तरेकडचा एक रजपूत, जेमतेम काही महिने या गडाचा धनी, आणि तमिळ लोकस्मृतीचा नायक! गड एकच, स्मृती मात्र ज्याची त्याची.

येथे प्रवाशापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ‘आमचे येथे काय उरले आहे?’ हा पहिला. ‘आमचे येथे आल्यावर काय झाले?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने माणूस आधी फुशारतो आणि मग सुस्कारे टाकतो. दुसरा प्रश्न त्याला जागेवर थांबवून पाहावयास लावतो. आग्नेय आशियात जाणारा भारतीय बहुधा पहिलाच प्रश्न घेऊन जातो. ईसानमधील फिमाईच्या देवळावर त्याला रामकथेतले प्रसंग कोरलेले दिसतात आणि तो म्हणतो, ‘हे तर आपलेच!’ लाओ रामकथेत मात्र राम मेकाँगच्या खोऱ्यात वावरतो, ती कथा बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्याला ती परदेशातून आली असे वाटतही नाही. पाहुणा घरचा झाला की त्याचे मूळ गाव विचारण्याची रीत नसते.

तंजावरास हा दुसरा प्रश्न फार फलदायी ठरतो. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केले. ही जवळजवळ १८० वर्षे मराठी भाषा तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांच्या शेजारी नांदली. व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांनी मराठीत नाटके लिहिली, तेलुगूतही लिहिली. आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. तेथे प्रत्येक देशीची नायिका आपापल्या भाषेत बोलते, आणि कोणी कोणाला गप्प करीत नाही.

दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. चोळसम्राट राजराजाने १०१० साली पुरे केलेल्या त्या देवळाच्या भिंतींवर त्याचे तमिळ लेख आहेत. त्यांच्या सान्निध्यात देवनागरी अक्षरांच्या ओळीमागून ओळी चाललेल्या पाहणे हा विलक्षण अनुभव आहे. परंतु मला त्याहूनही नवलाची वाटते ती सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात गावोगाव भटकणारी कुरवर जमातीची स्त्री येते, आपल्या डोंगरांचे वर्णन करते आणि नायिकेचे भविष्य सांगते. सरफोजींनी हा साचा तमिळांकडून घेतला, भाषा मराठी ठेवली, आणि त्या भटक्या स्त्रीच्या तोंडी घातला तो पृथ्वीचा अर्वाचीन भूगोल: खंडे, देश, नद्या, नगरे. तमिळ रूप, मराठी वाणी आणि युरोपीय शास्त्र यांचा असा संगम त्या काळी पुण्यात झाला नव्हता. तो येथे झाला, कारण येथे मराठीला शेजार होता.

अनुवादक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सरफोजींच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापले गेले. ते इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर आहे. मुंबईत मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीच कावेरीकाठी मराठी अक्षरे कागदावर उमटली, आणि त्यांनी जे सांगितले ते भाषांतरच होते.

राजवाड्याबाहेर काय झाले तेही पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरास आले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तेव्हापासून तमिळ कथाकाराच्या पोतडीत आहेत. ती गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी येत नाही. पहिल्या प्रश्नाचा प्रवासी म्हणेल, ‘अरेरे, भाषा गेली, चाल उरली.’ दुसऱ्या प्रश्नाचा म्हणेल, ‘चाल नव्या घरी सुखाने नांदते आहे.’ ईसान आणि लाओसमध्ये ‘खाएन’ नावाच्या वेळूच्या वाद्यावर ‘मोरलाम’ गातात. नदीने देश विभागला तरी ते गाणे दोन्ही काठांवर चालू राहिले. चालीला पारपत्र लागत नाही.

तंजावरहून दक्षिणेस ओरत्तनाडला गेले की सरफोजींनी बांधविलेले मुक्तांबाळ छत्र लागते. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. त्यांच्या उत्पन्नाला हात लागू नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला एक पत्र धाडले. त्यात छत्रांची रीत तपशिलाने सांगितली आहे: ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळे, जोगी, जंगम, बैरागी यांनाही मिळे, मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावीत, आजाऱ्यास औषध व वाटेत अडलेल्या गर्भिणीस आसरा देत. राजा आपल्या संस्थेची बाजू मांडीत होता, हे ध्यानी ठेवले तरी एक गोष्ट उरते. परमुलखातल्या वाटसरूला त्याची भाषा न विचारता जेवू घालणे हे राज्याचे भूषण म्हणून तेथे सांगितले आहे.

हे सारे आनंदाचे झाले. आता काळजीचे सांगतो. ईसानमध्ये पूर्वी ‘ताय नोय’ नावाची लिपी चालत असे. आजच्या लाओ लिपीची ती सख्खी बहीण. १९२१ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानंतर शाळांतून थाई लिपी आली आणि ताय नोय मठांतल्या ताडपत्रांपुरती उरली. समोरच्या काठावर तिची बहीण राष्ट्राची लिपी झाली, म्हणून तिचे वळण तरी टिकून आहे. आपल्या मोडीच्या नशिबी असा दुसरा काठ नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती महाराष्ट्रातल्या शाळांतून गेली. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते हजारोंनी आहेत आणि दरबारच्या मोडी कागदांची बाडेच्या बाडे आहेत: छत्रांचे हिशेब, पुस्तकखरेदी, औषधे, नाटकमंडळींचे पगार. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांतील निवडक भागाचा तमिळ अनुवाद १९८९ साली प्रसिद्ध केला. मराठी माणसाचा इतिहास मराठी माणसाने तमिळमधून वाचावा, यात कमीपणा काही नाही. शेजाऱ्याने आपले घर सांभाळले याबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे. मात्र ती बाडे मुळातून वाचणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत, आणि कागद कोणासाठी थांबत नाही.

बोलीचेही तसेच आहे. तमिळ लोक ज्यांना ‘रायर’ म्हणून ओळखतात, त्या कुटुंबांतून तंजावरी मराठी अजून ऐकू येते. पुण्याहून आलेला पाहुणा ती ऐकून हसतो आणि तिला अशुद्ध ठरवितो. बँकॉकमध्ये ईसानच्या बोलीला नेमके असेच हसत आले आहेत. ज्या बोलीला आपलेच हसतात, ती बोलणारे मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलू लागतात. भाषा मरतात त्या पुष्कळदा अशा, कोणी बंदी न घालता.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. मेकाँगकाठचा प्रवास वाचताना ‘येथे भारताचे काय आहे’ हे शोधण्याची घाई करू नये. तेथली माणसे काय बोलतात, कोणत्या लिपीत लिहीत होती, त्यांच्या गाण्याचे काय झाले, हे पाहावे. आणि तीच नजर घेऊन तंजावरास जावे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांचे मोडी कागद असतील, तर ते वाचणाऱ्याच्या हाती द्यावेत. ज्यांच्या घरी तंजावरी मराठी बोलली जाते, त्यांनी वडीलधाऱ्यांचे बोलणे लिहून ठेवावे. तमिळ लिपीत लिहिले तरी चालेल. दूरच्या नदीकाठच्या माणसांविषयी वाचून आपल्या हातून एवढे झाले, तर ते पुस्तक मराठीत आले असे मी म्हणेन.