पोपटांचा पाशेको रोग आणि रक्ततपासणी

काल धडधाकट दिसणारा पोपट आज अचानक दगावतो आणि पाठोपाठ त्याच पक्षीगृहातले आणखी काही पक्षी जातात. अशी साथ १९३० मध्ये ब्राझीलमध्ये पाशेको या शास्त्रज्ञांनी नोंदवली. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा पाशेको रोग हर्पीस कुळातल्या विषाणूमुळे होतो. तो मुख्यतः यकृतावर घाला घालतो. माणसाला मात्र तो होत नाही.

लागण होऊनही वाचलेला पोपट आयुष्यभर विषाणू बाळगू शकतो. दिसायला तो ठणठणीत असतो, पण ताण आला की विष्ठेतून आणि चोचीतल्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो. असे वाहक ओळखायला रक्ततपासणी लागते. पक्ष्यांचे डॉक्टर मानेच्या उजव्या बाजूच्या किंवा पंखाच्या शिरेतून थोडेसे रक्त घेतात. प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने त्यात विषाणूचा डीएनए शोधतात.

तरीही एका निगेटिव्ह अहवालावर निर्धास्त होऊ नये. विषाणू दबून बसलेला असला, तर रक्तात सापडेलच असे नाही. म्हणून रक्तासोबत चोचीच्या आतला आणि गुदद्वाराचा स्वॅबही तपासतात, आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.

असायक्लोविर हे औषध साथीत पक्षी वाचवू शकते, पण वाहकाच्या शरीरातून विषाणू कायमचा घालवत नाही. म्हणून नवा पक्षी आणल्यावर तो आधी वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी ठेवा आणि तपासण्या पूर्ण झाल्यावरच त्याला इतरांत सोडा.