फराळाचा हिशेब
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. परंतु फराळाची वही माझ्याकडे असते, म्हणून "त्या एआयने हिशेब कसा सांगितला ते तूच सांग," असा आपण आग्रह धरलात आणि मी उभी राहिले.

गेल्या दिवाळीची वही माझ्या मुलीने संगणकावरच्या तक्त्यात उतरवली व तो तक्ता एआय सहायकाला जोडून दिला. जोडणे म्हणजे काय, हे मलाही आधी कळेना. पूर्वी आपण त्याला जेवढे लिहून देऊ तेवढेच त्याला दिसे. आता परवानगी दिली की ते आपला तक्ता स्वतः उघडून वाचते. अशा जोडणीची एक खुली पद्धत अँथ्रॉपिक या अमेरिकेतल्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. मग इतरांनीही ती घेतली. आम्ही परवानगी फक्त वाचण्याची दिली, लिहिण्याची नाही. गिऱ्हाइकांची नावे व फोन नंबर तर आधीच काढून टाकले. कोणाची उधारी किती, ते बाहेर कशाला जावे?

मग मी आपल्या साध्या मराठीत विचारले, "अनारसे एकूण किती गेले?" उत्तर आले, एक हजार सहा किलो! आम्ही पोट धरून हसलो. पाहतो तो चार ओळींत मी नुसते २५० लिहिलेले. माझ्या मनात ग्रॅम, त्याने वाचले किलो. त्याला काय बोल लावणार, वही माझीच. तेव्हापासून प्रत्येक उत्तराला मी विचारते, "कोणत्या ओळींवरून काढलेस ते दाखव." एखादे उत्तर ते अगदी ठामपणे देते, म्हणून ते बरोबरच असते असे नाही.

वही दुरुस्त केल्यावर विचारले, "जास्त नफा कशात?" ते म्हणाले, करंजीत. किलोमागे २२० रुपये सुटले आणि ४० किलो गेल्या, म्हणजे ८,८०० रुपये. चिवड्यात किलोमागे ११०, ७० किलोंचे ७,७००. हे मी ओळीओळीने ताडून पाहिले, बरोबर होते. झाले, येत्या दिवाळीला करंज्या दुप्पट करायच्या असे आम्ही ठरवूनही टाकले.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या आपल्या काकू म्हणाल्या, "अगं, माझे मनगट कोणत्या ओळीत लिहिले आहेस?"

मला उत्तर देता येईना. रवा, तूप, खोबरे, गॅस, पिशव्या, सारे वहीत होते. लाटणारे हात नव्हते. इतक्या वर्षांत मी तो रकानाच आखला नव्हता, आणि नसलेला रकाना यंत्र कोठून वाचणार? लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. तेथे किती किलो पापड लाटले त्यावर लाटणावळ मिळते. आपण मात्र "मंडळाचेच काम" म्हणून तास मोजलेच नाहीत.

मग सगळ्याजणींनी बसून अंदाजाने तास लिहिले. किलोभर करंजीला एका बाईचे अडीच तास, चिवड्याला अर्धा. पुन्हा विचारले. करंजीत तासाला ८८ रुपये पडले, चिवड्यात २२०. नफ्यात पहिली आलेली करंजी कष्टाच्या हिशेबात पार मागे गेली. काकूंची दोन दिवाळ्या दुखणारी मनगटे आम्हाला तेव्हा दिसली, हे सांगताना मला संकोच वाटतो.

करंज्या बंद करा, असे काकूंचे म्हणणे नाही. त्यांच्या हातची करंजी मागायला लोक लांबून येतात. भाव ४८० वरून ५८० केला तर तासाला १२८ पडतील, असे सहायक सांगतो. गिऱ्हाईक तो भाव देईल का, हे मात्र वहीत नाही. ते दारोदार जाणाऱ्या आपणच जाणतो. त्याचा निर्णय उद्याच्या सभेत घेऊ. वही मी आणीन. तासांचा रकाना लाल शाईने आखला आहे. ज्यांनी अजून आपले तास लिहिले नाहीत त्यांनी येतानाच आठवून यावे.